सामानापाशी कोण बसणार?

आमचे हे हल्ली दुकानात येईल त्याला एकच गोष्ट सांगत बसतात. "सिंगापूरला हिनं पोलीस गोळा केले. नाक कापलं आमचं." कपाशीचं बियाणं न्यायला आलेला माणूस बियाणं विसरून हसत बसतो, आन् हे त्याला वर चहा पाजतात. पाजा म्हणावं. पण खरं काय झालं ते मलाच सांगावं लागंल, कारण त्या वेळी हे खाली होते आन् मी वर होते.

बिडकीनला आमचं खताबियाण्याचं दुकान आहे. तात्यासाहेब म्हणजे माझे मालक. गेल्या साली ह्यांनी एका कंपनीचा वाण लई खपवला, म्हणून कंपनीनं दोघांना सिंगापूरची टूर दिली. ह्यांनी पदरचे घालून आणखी चार माणसं वाढवली: पोरगा नानासाहेब, सूनबाई, सहा वर्षांची नात बानू आन् माझ्या सासूबाई. सासूबाईंचं नाव भागूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून शेतात चालत जातात.

मला सिंगापूरचं काही नवल नव्हतं. मला फक्त पाळण्यात बसायचं होतं. हसू नका. मी लासूर स्टेशनची. नऊ वर्षांची होते तवा देवीच्या जत्रेत मोठा रहाटपाळणा आला होता. बापानं माझ्या चारी भावंडांना बसवलं आन् मला म्हणला, "आशा, तू शहाणी हायेस. गाडीपाशी बस, सामान बघ. तुला उद्या बसवतो." दुसऱ्या दिवशी गेलो तर पाळणा उखडून नेलेला. नुसते खड्डे होते.

मंग लग्न होऊन बिडकीनला आले. दर साली पैठणची षष्ठीची जत्रा. आन् ह्या घरात कायदाच होता, जत्रेत सामानापाशी एक जण बसलंच पायजे. तो एक जण म्हणजे घरची सून. पहिल्याच साली आत्याबाईंनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणल्या, "मी लई सालं बसले. आता तू आलीस." आन् उठून गेल्या त्या गेल्याच. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, जीप आली, सामानापाशी मीच. मनात म्हणायचे, पोराचं लग्न होऊ दे, सून येईल, मंग आपण उठू. सून आली. पण ती शहरातली, शिकलेली, जीन्स घालणारी. तिला गाठोड्यापाशी बस म्हणायला माझी जीभच वळली नाय. म्हणजे सून होते तवा सून म्हणून बसले, सासू झाले तर सासू म्हणून बसू राहिले. असा कसा माझा नंबर मधीच अडकला, मला सांगा.

म्हणून ह्या खेपेला मी ह्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. हे म्हणले, "तिकडं जत्रेपेक्षा दसपट मोठा पाळणा हाये. तुला त्यात बसवलं नाय तर तात्या नाव सांगणार नाय."

तिसऱ्या दिवशी तो पाळणा असलेल्या थीम पार्कला गेलो. सहा नग सामान होतं: कंपनीनं दिलेल्या, बोंडाचं चित्र छापलेल्या चार सारख्या पिशव्या, पाण्याचा पाच लिटरचा कॅन, आन् आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ. दारावरच्या पोरीनं गाठोडं हुंगून बघितलं. टूरच्या गाईडनं तिला सांगितलं, म्हातारीला पथ्य आहे, दुसरं काही चालत नाही. तवा सोडलं.

आत गेल्या गेल्या गाईड म्हणला, "सामान लॉकरमध्ये ठेवा, फुकट आहे." भिंतीत लोखंडाच्या पेट्याच पेट्या होत्या. ह्यांनी एका पेटीचं दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं, आत हात घालून चाचपलं.

"किल्ली कुठंय?"

"काका, किल्ली नसते. बोटाचा ठसा द्यायचा."

"किल्ली नाय ते कुलूप कसलं? दुकानाला मी दोन कुलपं लावतो आन् वर ओढून बघतो. बोटाच्या भरवशावर सामान सोडू का?"

मी म्हणले, "अहो, रेशनला आपण ठसाच देतो की."

"आन् कितीदा उमटत नाय ते बघितलं ना? तिथं धान्य मिळत नाय, इथं सामान मिळणार नाय."

झालं. बरं, बोलणं अगदीच खोटं म्हणता येईना, कारण माझाच अंगठा रेशनला उमटत नाही. गाईडनं कपाळाला हात लावला. मंग हे इकडं तिकडं बघून म्हणले, "एक जण सामानापाशी बसू दे." आन् सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नातीनं सुद्धा.

"तू बस दहा मिनिटं, आशा. आलोच."

बाकडं नेमकं असं मिळालं की समोर पाळणाच. काय सांगू, केवढा! खाली माणसं मुंग्याएवढी दिसावीत असा. काचेच्या खोल्या लावलेल्या, एका खोलीत आठ-दहा माणसं बसतील अशा. इतका सावकाश फिरायचा की एक फेरा व्हायला अर्धा तास. दारापाशी पाटी होती, तिच्यावर पिशवीचं चित्र आन् त्याच्यावर तांबडी काट. म्हणजे सामान घेऊन जायचं नाय. ती काट मी दिवसभर बघत बसले.

दहा मिनिटांचा तास झाला. तासाभरानं हे आले, घोट्यापासून डोक्यापर्यंत चिंब. पाण्यातल्या कुठल्या गाडीत बसले होते. "शर्ट दे, शर्ट दे." स्वतःच पिशव्या उचकायला लागले. पहिलीत बानूचे कपडे, दुसरीत औषधं, तिसरीत चादर. मी चौथी ओढून शर्ट काढून दिला. चारी पिशव्या सारख्या, पण कशात काय ते मला डोळे झाकून ठावं.

"आता पाळणा?" मी म्हणले.

"एक डोंगरातली रेल्वे हाये, तेवढी करतो. आलोच."

त्यात आणखी एक युक्ती सापडली होती ह्या लोकांना. सत्तरच्या वरच्या माणसाला तिथं चाकाची खुर्ची फुकट देतात, आन् खुर्चीवाल्याला लाईन नाही, वेगळ्या दारानं सरळ आत. मंग काय! शेतात चालत जाणाऱ्या बाईला खुर्चीत बसवलं आन् दिवसभर ढकलत नेली. जिथं तासभराची लाईन, तिथं आत्याबाई पुढं आन् सगळं खटलं मागं. नानासाहेब बापाला म्हणतो कसा, "पप्पा, मोठ्या आईला आणलं ते बरं केलं." मला तवा हसूही आलं आन् आगही लागली.

मधीच मला बाथरूमला जायचं झालं. आता सामान कोणापाशी ठेवू? शेजारच्या बाकड्यावर एक गोरी बाई होती, तिला खुणेनं सांगितलं तर ती हसून हात हलवून निघून गेली. शेवटी सहाच्या सहा नग उचलले. दोन पिशव्या ह्या खांद्याला, दोन त्या खांद्याला, गाठोडं काखेत, कॅन हातात. तशी बाथरूमला गेले आन् तशीच परत आले. तिथली झाडणारी बाई माझ्याकडं बघतच राहिली. परत येईस्तोवर बाकड्यावर दुसरेच बसलेले. मी समोर उभी राहिले आन् तोंड असं केलं असणार की ते उठले.

दोनला सगळे जेवायला आले. गाठोडं सोडलं, वाढलं. दशमीचा तुकडा तोंडात असतानाच मी परत म्हणले, "अहो, पाळणा कधी?"

"अगं, जेवू तर दे माणसाला!"

"जेवा. पण सूनबाईला घडीभर बसवा इथं, मी जाऊन येते."

सूनबाई बिचारी लगेच म्हणली, "आई, मी बसते ना." पण नानासाहेब मधी पडला. "आई, बानूची उंची कमी हाये. तिच्या राईडला आई-बाप दोघं बरोबर लागतेत." बानू माझ्याकडं बघू राहिली, तोंडाला चटणी लागलेली. आता त्या लेकराला काय नाय म्हणणार? मी म्हणले, जा. आन् म्हणल्याबरोबर स्वतःचाच असा राग आला! कोणी धरून बसवलं होतं मला? मीच दर वेळी जा म्हणते आन् मीच मागून धुसफुसते. पण बोलून तरी काय उपयोग होता, सगळे हात धुवून गेले सुद्धा. खरकटं मी आवरलं.

साडेचारला गाईड तिकडून चालला होता. मला बघून थांबला. "काकू, पाळणा राहिला का? आत्ताच लाईनीत लागा. पाऊण तास लागतोय, आणि साडेपाचला आत घेणं बंद करतात. साडेसहाला आपली बस."

मी ह्यांना फोन लावला. मागून गाण्याचा आवाज येत होता.

"अगं, इथं एसी हाये, सिनेमा हाये. मायला झोप लागलीय. उठली की आलोच."

हा दिवसातला सहावा 'आलोच'. मी मोजू राहिले होते, दुसरं काम काय होतं मला.

पाचला आले. खुर्ची ढकलत आले, ती माझ्या बाकड्याला टेकवली आन् म्हणले, "माय कंटाळली. ठेव तुझ्यापाशी. आम्ही एक शेवटचं करून आलोच."

म्हणजे हा सातवा नग. वर सातवा 'आलोच'.

"आन् पाळणा?" मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

ह्यांनी लाईनीकडं बघितलं. "लई गर्दी हाये, आशा. आता काय नंबर लागत नाय. पुढल्या टायमाला बघू." आन् गेले.

पुढल्या टायमाला! सिंगापूर काय बिडकीनच्या बाजारात आहे का, की ह्या गुरुवारी नाय तर पुढल्या गुरुवारी जाऊ? माझ्या बापानं तरी उद्याचा वायदा केला होता. मला रडूच फुटलं. दुःखाचं म्हणाल तर तेवढं नाय, संतापाचं. पन्नाशी उलटलेली बाई, परक्या मुलखात, सहा नगांमधी बसून लहान पोरीगत रडू राहिले होते आन् मला त्याची लाजही वाटू राहिली होती.

आत्याबाई खुर्चीतून बघत होत्या. "काय झालं गं?"

"काय व्हायचं? तुमचाच कायदा हाये हा. तुम्हीच गाठोडं दिलं माझ्या मांडीवर." इतक्या सालांत मी त्यांना कधी असं बोलले नव्हते. "तुम्ही उठून गेल्या, फिरल्या, खेळणी बघितली, पाळण्यात बसल्या. आन् मी?"

"कोण बसलं पाळण्यात?" आत्याबाई म्हणल्या. "मी? मला माझ्या सासूनं बसवलं व्हतं सामानापाशी. तू आली तवा उठले, पण तवर गुडघे धरले; सपाटीला चालता येतं, उंच पाय टाकता येत नाय. पाळणेवाला म्हणला, मावशी, तुम्हाला चढता यायचं नाय. मंग नुसती बांगड्यांच्या दुकानातून हिंडायचे. आजबी सकाळपास्न सांगू राहिले तात्याला, मला तेवढं ह्याच्यात बसव. तर म्हणतो, माय, त्यात काय थरार नाय."

माझ्या मनात ही बाई पैठणच्या प्रत्येक पाळण्यात बसून आलेली होती.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वापाच होऊन गेले."

"ऊठ मंग. खुर्चीला लाईन नसती."

"आन् सामान? ते आत घेत नायत. ती काट बघा."

"राहू दे हितंच."

"एकटं?"

आत्याबाईंनी गाठोड्याकडं असं बघितलं की जन्माचं वैर असावं. "दशमी कोण चोरतंय? नेली तर खाईल बिचारा. ऊठ, आशा."

मी उठले. पण उठून तशीच निघाले म्हणाल तर नाय, सवय कुठं जाते! हॉटेलात कपडे वाळत घालायला आणलेली दोरी होती, ती काढली. गाठोडं, कॅन, चारी पिशव्या, सगळं एकाला एक लावून बाकड्याच्या पायाला आवळून बांधलं. गोठ्यात जनावराला मारतो तशी गाठ मारली. ऊन लागू नये म्हणून वरून टॉवेल झाकला. मंग खुर्चीचे दांडे धरले आन् पळाले. खरंच पळाले. सगळी लाईन आमच्याकडं बघत होती. दारावरच्या पोरानं खुर्ची बघितली, बाजूची साखळी काढली आन् आम्हाला आत घेतलं. साडेपाचला चार मिनिटं कमी होती.

खुर्चीमुळं काचेची एक खोली आम्हाला वेगळी दिली, आत आम्ही दोघीच. दार लागलं. हालल्यासारखं वाटंना, पण बघता बघता झाडं पायाखाली गेली. आत्याबाई म्हणल्या, "अगं माय!" आन् खुर्चीतून उठून काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "आशा, समुंदर बघ! जहाजं बघ किती!"

मी काय बघू राहिले होते? पिशव्या! तोंड खाली करून ते बाकडंच शोधत होते. एवढ्या उंच पाळण्यात बसले, जल्माची हौस, आन् नजर टॉवेलावर. सापडलं बाकडं. आन् तिथं काहीतरी चाललं होतं.

आधी एक शिपाई होता. तो वाकला, टॉवेलाला हात न लावताच मागं सरला, आन् तोंडाशी यंत्र धरून बोलायला लागला. मंग दोघं आले. मंग माणसांना हटवायला लागले, हात पसरून, मागं, मागं. पिवळी पट्टी ओढली. एका शिपायानं कुत्रं आणलं, ते गाठोड्यापाशी गेलं आन् शेपटी हलवत बसूनच राहिलं, ठेच्याचा वास लागला असणार. मला आधी कळेना. मंग विमानतळावर ऐकलेलं आठवलं, बेवारस सामान दिसलं की पोलिसाला कळवा. चांगलं आवळून, गाठी मारून, वर झाकून आले होते मी!

मी मोजले. सहा शिपाई आन् एक कुत्रं. सकाळपासून मी एकटी जे करू राहिले होते, त्याला इतके जण लागले होते.

मंग ह्यांना बघितलं. पट्टीच्या अलीकडं उभे, हातवारे चाललेले. नानासाहेब मागून ओढतोय. फोन वाजला.

"कुठं हायेस तू?"

"वर."

"वर कुठं?"

"वर बघा."

ह्यांनी डोळ्यांवर हात धरून मान वर केली.

"सामान सोडून गेलीस? इथं पोलीस जमा झालेत! आपल्याच सामानाला हात लावू देईनात मला! खाली ये ताबडतोब!"

"पाळणा मधी थांबत नाय."

"अगं, ते विचारू राहिलेत, सामान तुमचं असंल तर कशात काय हाये ते सांगा. कॅनमधी काय, गाठोड्यात काय, कोणत्या पिशवीत काय."

"मंग सांगा की."

"मला काय ठावं?" हे ओरडले. "मला काय ठावं कशात काय हाये ते!"

चौतीस सालं संसार केला. प्रत्येक जत्रेला, प्रत्येक लग्नाला, दवाखान्याला, देवाला हे सामान मी भरलं, मी उचललं, मी राखलं. आन् ज्या सामानासाठी मला दिवसभर बाकड्याला खिळवलं, त्यात काय आहे ते ह्या माणसाला ठाऊक नव्हतं. एका पिशवीतलं सुद्धा सांगता येईना. मला वाटलं होतं, मी आता घाबरून सगळं भडाभडा सांगणार: पहिलीत बानूचे कपडे, दुसरीत औषधं. तोंडाशी आलंही होतं. पण नाय सांगितलं.

"अहो," मी म्हणले, "तुम्ही उभे राहा सामानापाशी."

"आन् तू?"

"आलेच."

फोन बंद केला. आत्याबाई काचेपासून न हलता म्हणल्या, "काय म्हणतो तात्या?"

"काय नाय. सामानापाशी हायेत."

"बरं झालं," त्या म्हणल्या. "इकडं सरक. इथून चांगलं दिसतं."

फोन परत वाजायला लागला. मी तो पदरात गुंडाळला, पिशव्यांकडं पाठ केली आन् त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. अजून अर्धा फेरा बाकी होता.